अग्नीला माप लावणारा कुंभार

खानदेशातल्या माणसाला उष्णता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, धुळ्यातले रस्ते दुपारी ओस पडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र हातात आले की आपण आधी कालचे तापमान पाहतो. शेजारच्या शहरापेक्षा आपला आकडा अर्ध्या अंशाने वर गेला असला तर घाम पुसता पुसता त्याचाही थोडा अभिमान वाटतो. हा आकडा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो मोजण्याची युक्ती कुणाला तरी कधी तरी मोठ्या खटपटीने शोधावी लागली असेल, हे मनातच येत नाही.

पण हवेचा उन्हाळा मोजणे त्या मानाने सोपे. खरी पंचाईत होते ती भट्टीतल्या आगीची. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या पुढे नेहमीचा तापमापक निरुपयोगी. आणि साधी वीट भाजायची तरी ९००-१००० अंशांची आच लागते. चिनी मातीच्या उत्तम भांड्याला त्याहून बरीच जास्त. मग ही आच मोजायची कशी?

आपल्याकडे उत्तर ठरलेले होते, डोळ्यांनी आणि हाताने. खापरावरची पुरणपोळी करणारी बाई पालथ्या खापराजवळ तळहात नेते आणि चुलीतले लाकूड पुढे सारायचे की मागे ओढायचे ते ठरवते. आखाजीच्या घागरी घडवणारा कुंभार आव्यातल्या फटीतून आत डोकावतो. मी बँकेत नोकरीला असताना वीटभट्ट्यांची कर्जे माझ्याकडे असत. तारण माल पाहायला म्हणून पांझरेच्या आणि गिरणेच्या काठच्या भट्ट्यांवर जाणे होई. माझ्या वहीत विटांची संख्या असे, दर असे, हप्ता असे. पण ज्यावर सगळे अवलंबून, त्या आगीचा रकाना माझ्या कुठल्याच फॉर्मात नव्हता. ती भट्टी लावणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराच्या डोळ्यांत होती. आच कमी पडली तर वीट कच्ची राहून पहिल्याच पावसात विरघळणार, आणि जास्त झाली तर खंगर होऊन वाकडीतिकडी जुळून बसणार. लालसर, लाल, नारिंगी, पिवळट, एवढ्या चार रंगांवर एका कुटुंबाचे वर्ष उभे असे. तो कारागीर आजारी पडला की मालकाचा जीव टांगणीला लागे.

नेमकी हीच काळजी अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका कुंभाराला लागली होती. त्याने मात्र ती कारागिराच्या डोळ्यांवर सोपवून दिली नाही. त्याचे नाव जोसाया वेजवूड. त्याच्या नावाची निळी-पांढरी भांडी जगभर संग्रहालयांत दिसतात, आणि चार्ल्स डार्विनचा आजोबा म्हणूनही तो ओळखला जातो. मला तो आठवतो तो भट्टीच्या आगीला आकडा देऊ पाहणारा माणूस म्हणून.

जोसायाचा जन्म १७३० सालचा, स्टॅफर्डशायर परगण्यातल्या बर्स्लेम गावचा. गाव कुंभारांचेच. घरात पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरत आलेले, मुलांचे लेंढार मोठे आणि जोसाया शेंडेफळ. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. शाळा सुटली आणि पोर थोरल्या भावाच्या हाताखाली चाकावर बसले. हात चांगला चालत होता, पण थोड्याच वर्षांत देवी आल्या. त्यातून जीव वाचला, उजवा गुडघा मात्र कायमचा अधू झाला. चाक पायाने फिरवायचे असे, आणि पायच साथ देईना.

कुंभाराच्या मुलाला चाक सुटणे म्हणजे हातातली भाकरी सुटण्यासारखे. पण चाकापासून दूर सारलेला हा मुलगा मातीकडेच अधिक बारकाईने पाहू लागला. कुठली माती कशात मिसळली तर काय होते, झिलई का तडकते, एकाच घाणीतली दोन भांडी भट्टीतून दोन रंगांची का निघतात, असे प्रश्न त्याला पडू लागले. १७५४ साली तो टॉमस व्हील्डन या नामवंत कुंभाराबरोबर भागीदारीत शिरला. १७५९ साली त्याने प्रयोगांची वही सुरू केली आणि त्याच वर्षी बर्स्लेममध्ये स्वतःचा कारखाना थाटला. या वहीबद्दल वाचताना माझ्यातला बँकवाला सुखावतो. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक, मिश्रणातल्या जिनसांना सांकेतिक आकडे, म्हणजे वही कुणाच्या हाती लागली तरी गुपित फुटायला नको. शिवाय नमुना भट्टीत नेमका कुठे ठेवला होता, माथ्याला, मध्यावर की तळाशी, याचीही खूण. कारण एकाच भट्टीत जागोजागची आच वेगळी असते, हे त्याने पक्के ओळखले होते. असे हजारो नमुने त्याने भाजले.

या चिकाटीला यश आले. त्याची साय रंगाची सुबक भांडी राणी शार्लटला पसंत पडली आणि १७६५ नंतर ती राणीची भांडी म्हणूनच खपू लागली. लिव्हरपूलचा सुसंस्कृत व्यापारी टॉमस बेंटली त्याचा जिवलग मित्र आणि पुढे भागीदार झाला. माल खडबडीत रस्त्यावरून नेताना फुटतो म्हणून वेजवूडने कालव्याच्या योजनेसाठी जिवाचे रान केले, आणि १७६६ साली ट्रेंट-मर्सी कालव्याची पहिली कुदळ त्यानेच मारली. या कालव्याच्या मार्गावर त्याने एट्रुरिया नावाचा नवा कारखाना उभारला.

पण त्याआधी, १७६८ च्या मे महिन्यात, दुखरा पाय असह्य झाला. गुंगीचे औषध यायला अजून पाऊणशे वर्षे होती. थोडी अफू पोटात घेऊन त्याने उजवा पाय कापून घेतला. पुढच्या वर्षी, १७६९ च्या जूनमध्ये, एट्रुरियाचे दार उघडले तेव्हा मालक लाकडी पायावर उभा होता. सदोष भांडे दिसले की तो याच लाकडी पायाने ते फोडून टाकी, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, माणसाची तऱ्हा ती बरोबर सांगते.

एट्रुरियात कामाची वाटणी होती, वेळेची घंटा होती, प्रत्येक हाताला ठरावीक काम होते. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनने मागवलेला ९५२ नगांचा संच येथूनच १७७४ साली गेला. त्याच सुमारास, वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनंतर, त्याला जॅस्पर साधले. रंगीत, मऊ दिसणारी, झिलई नसलेली पार्श्वभूमी आणि तिच्यावर पांढऱ्या उठावाच्या आकृती. आज वेजवूड म्हटले की डोळ्यांपुढे येते ते हेच.

जॅस्परने त्याला नाव दिले आणि झोपही उडवली. त्याचे मिश्रण मोठे लहरी. आच जराशी चढली की फुगवटे, उतरली की रंग फिका. मिश्रण तो गुंजेपर्यंत तोलू शकत होता, आकार केसापर्यंत मोजू शकत होता. भट्टीपाशी आला की मात्र सगळी शिस्त संपे. आज आच किती होती, याला भट्टीवाल्याचे उत्तर एवढेच, की चांगली लाल होती. एकाची लाल दुसऱ्याची नारिंगी असू शकते. दुपारच्या उजेडात लाल दिसणारी आग रात्री पिवळी वाटते. हजारो प्रयोगांच्या वहीत सर्वांत महत्त्वाचा रकाना असा अंदाजाने भरायचा, हे त्याला सहन होईना.

आणि त्याला जी युक्ती सुचली ती अस्सल कुंभाराची होती. माती भाजली की आकसते, हे प्रत्येक कुंभार जाणतो. आच जितकी जास्त, तितके आकसणे जास्त. मग या आकसण्यालाच साक्षीदार का करू नये? त्याने कॉर्नवॉलच्या चिनी मातीचे छोटे, अगदी एकसारख्या मापाचे तुकडे बनवले. पितळेच्या दोन पट्ट्या एका पाट्यावर अशा बसवल्या की मधली खाच २४ इंच लांब, एका टोकाला अर्धा इंच रुंद आणि दुसऱ्या टोकाला तीन दशांश इंच, अशी निमुळती व्हावी. तुकडा भांड्यांबरोबर भट्टीत ठेवायचा, काढून थंड करायचा आणि खाचेत सरकवायचा. जितका आकसला असेल तितका तो आत जाणार. जिथे अडेल तिथला आकडा वाचायचा. खाचेवर २४० अंश आखलेले. उजेडात दिसण्याइतपत लाल झालेल्या वस्तूची उष्णता म्हणजे शून्य अंश.

१७८२ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीत या उपकरणावरचा निबंध वाचला गेला आणि १७८३ च्या जानेवारीत वेजवूड त्या सोसायटीचा सभासद झाला. जेमतेम नवव्या वर्षापर्यंत शाळेत गेलेला, एका पायाचा कुंभार न्यूटनने भूषवलेल्या संस्थेत जाऊन बसला. पायरोमीटर हे उपकरणाचे नाव; आपण त्याला उत्तापमापक म्हणू. युरोपातले रसायनशास्त्रज्ञ ते वापरू लागले.

इथपर्यंतची गोष्ट यशाची आहे. मला जास्त ओढ वाटते ती पुढच्या भागाची.

वेजवूडचे अंश त्याच्या कारखान्यापुरते उत्तम होते. मागच्या वेळी ८० अंशांवर माल चांगला निघाला, तर यंदाही ८० गाठायचे, एवढे त्याला पुरे होते. पण जग विचारणार, तुमचा ८० म्हणजे आमच्या फॅरनहाइटच्या तापमापकावर किती? म्हणजे दोन मापांची सांगड घालायला हवी. यालाच आज अंशांकन म्हणतात. पाऱ्याचा तापमापक जिथे संपतो आणि मातीचा तुकडा जिथे सुरू होतो, त्यांच्यामध्ये मोठी दरी होती. ती ओलांडायला त्याने चांदीचा पूल बांधला. चांदी तापली की किती फुगते हे आधी खालच्या तापमानाला पाऱ्याशी ताडून पाहिले, मग तोच तुकडा वरच्या आचेला मातीच्या तुकड्याशी ताडला. त्यातून १७८४ साली त्याने हिशेब मांडला. त्याचा शून्य म्हणजे सुमारे १०७७ अंश फॅरनहाइट आणि पुढचा प्रत्येक अंश १३० फॅरनहाइटचा.

हिशेब नेटका होता, आणि चुकीचा होता. या हिशेबाने ओतीव लोखंड १७,९७७ अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ १०,००० सेल्सिअसला वितळते असे निघाले. प्रत्यक्षात ते १२०० सेल्सिअसच्या आतच वितळते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५५०० सेल्सिअसच्या आसपास आहे, हे आपण आज जाणतो. म्हणजे वेजवूडच्या पट्टीवर स्टॅफर्डशायरची भट्टी सूर्यालाही मागे टाकत होती! चांदी खरी वितळते ९६२ सेल्सिअसला, त्याच्या पट्टीवर निघाले २६००. तांबे, चांदी, सोने असा वितळण्याचा चढता क्रम त्याने लावला. खरा क्रम चांदी, सोने, तांबे असा आहे.

घोटाळा झाला कुठे? लहानशा अंतरात घेतलेली मोजणी त्याने सरळ रेषेत वर लांबवत नेली. माती मात्र सरळ रेषेत आकसत नाही. एका टप्प्यापर्यंत थोडी, मग एकदम भराभर. त्यात ती नुसत्या तापमानाचे ऐकत नाही, किती वेळ तापली याचेही ऐकते. शिवाय एका खाणीतली माती दुसऱ्या खेपेला तशीच आकसेल याचीही खात्री नसते.

बँकेत नवीन आलेल्या मुलांना मी सांगत असे की ताळेबंद जुळला म्हणून हिशेब खरा, असे समजू नका. दोन्ही बाजूंना तीच चूक असली तरी बेरीज बिनबोभाट जुळते. वेजवूडचे उपकरण रोज तोच आकडा देत होते, म्हणजे ते एकवचनी होते. एकवचनी असणे आणि खरे असणे यांत अंतर असते, आणि ते बाहेरच्या कुणाशी तरी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. अंशांकनाचे सारे मर्म मला तरी यातच दिसते.

वेजवूडची थोरवी अशी की ताडून पाहता येईल इतक्या उघडपणे त्याने सारे छापले होते. भांड्यांची मिश्रणे सांकेतिक आकड्यांत लपवणाऱ्या माणसाने आगीचे माप मात्र जगाच्या हाती दिले. खाचेची मापे, मातीची कृती, चांदीची युक्ती, सगळे. म्हणूनच फ्रान्सच्या गितों द मोर्व्होला १८०३ साली प्लॅटिनमच्या उपकरणाने दाखवता आले की वेजवूडचे आकडे फार चढे आहेत. झाकून ठेवलेली चूक दुरुस्त होत नसते.

हे सारे पाहायला वेजवूड हयात नव्हता. त्याची अखेरची वर्षे गाजत्या कामांची होती. रोमन काळातल्या पोर्टलंड फुलदाणीची जॅस्परमधली प्रतिकृती साधण्यात त्याने चार वर्षे घालवली. साखळदंडात गुडघे टेकलेल्या गुलामाची मुद्रा १७८७ साली घडवून ती गुलामगिरीविरोधी चळवळीला वाटली. ३ जानेवारी १७९५ रोजी एट्रुरियातच त्याचे निधन झाले.

पण गोष्ट त्याच्या घरातच पुढे सरकली होती. त्याचा मुलगा टॉमस, प्रकृतीने नाजूक आणि बुद्धीने तल्लख, लहानपणापासून भट्ट्यांच्या सोबतीत वाढलेला. १७९२ साली त्याने नोंदवले की सोने असो, लोखंड असो की माती, वस्तू कुठलीही असली तरी ती लाल दिसू लागते साधारण एकाच तापमानाला. बापाने आगीचा परिणाम मोजला. मुलाच्या लक्षात आले की खुद्द प्रकाशच तापमान सांगतो आहे. १८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाशाच्या तांबड्या पट्ट्यापलीकडे तापमापक ठेवला आणि न दिसणारे अवरक्त किरण सापडले. पुढे १८५९-६० साली किर्खहॉफने आणि १९०० साली माक्स प्लांकने तापलेली वस्तू कुठल्या तापमानाला किती किरण फेकते याचा नियम बांधला. आजचा थर्मल कॅमेरा जन्मला तो याच घराण्यात.

करोनाच्या साथीत २०२० साली दुकानाच्या दारात कपाळावर रोखले जाणारे छोटे यंत्र आपण सर्वांनी पाहिले. त्याचाच मोठा भाऊ भट्टीतल्या सिरॅमिकवर दुरून रोखला की पडद्यावर रंगीत चित्र आणि आकडे उमटतात. हात नको, तुकडा नको, थंड होण्याची वाट नको. पण हा कॅमेरा तापमान मोजत नाही. तो फक्त येणारे किरण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. हिशेब म्हटला की गृहीतके आली. काळीकुट्ट खडबडीत वस्तू आपली उष्णता मोकळ्या हाताने किरणांत देते. चकचकीत वस्तू हात आखडता घेते आणि वर शेजाऱ्याचेच किरण परावर्तित करते. ॲल्युमिनासारखे पांढरे सिरॅमिक आणखी मिश्कील. अवरक्तातल्या तोकड्या लहरींत ते फार कमी किरण देते आणि थोडे पारदर्शकही असते. लांब लहरींत तेच जवळजवळ काळ्या वस्तूसारखे वागते. म्हणजे एकच तुकडा, दोन कॅमेरे आणि दोन आकडे.

म्हणून कॅमेऱ्यालाही परीक्षेला बसवावे लागते. भट्टीत खोल पोकळी करून तिचे तोंड अरुंद ठेवतात. आतले किरण भिंतींवर पुन्हा पुन्हा आपटत अखेर तोंडातून बाहेर येतात, ते अगदी नियमाबरहुकूम. पदार्थविज्ञानात याला कृष्ण पदार्थ म्हणतात. ज्ञात तापमानाच्या अशा पोकळीवर कॅमेरा रोखून त्याचा आकडा ताडून पाहतात. मग प्रत्यक्ष सिरॅमिकची पाळी. त्यात बारीक खोल छिद्र पाडले की ते छिद्र लहानसा कृष्ण पदार्थच बनते. छिद्राचा आकडा आणि शेजारच्या पृष्ठभागाचा आकडा यांतली तफावत पाहून दुरुस्ती बसवतात.

आणि ते ज्ञात तापमान येते कुठून? बर्फ वितळत असेपर्यंत पाणी शून्य अंशावरच थांबते, तसा वितळलेला शुद्ध धातू गोठताना एकाच तापमानावर थांबतो. १९९० सालापासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय पट्टीवर वरच्या तापमानाचे मैलाचे दगड तीन: चांदी ९६१.७८, सोने १०६४.१८ आणि तांबे १०८४.६२ अंश सेल्सिअस. वेजवूडने चुकीच्या क्रमाने मांडलेले तेच तीन धातू, फक्त आता आपापल्या जागी बसलेले.

त्याचा मातीचा तुकडाही वाया गेला नाही. १८८६ साली जर्मनीच्या हेर्मान झेगरने ठरावीक आचेला मान टाकणारे मातीचे शंकू बनवले, आणि तसे शंकू आजही कुंभारकामाच्या भट्ट्यांत ठेवतात. कारण कॅमेरा सांगतो आच किती आहे. भांड्याच्याच जातीची माती सांगते त्या आचेने भांड्याचे काय झाले. वेळेचाही परिणाम धरून ठेवणे हा मोजपट्टीतला दोष, पण कुंभाराच्या दृष्टीने तो गुणच.

आमच्या भागातल्या भट्ट्यांवर उद्या थर्मल कॅमेरे आले तर मला आनंदच होईल. म्हाताऱ्या कारागिराचे डोळे आगीपुढे भाजणार नाहीत, आणि विटा खंगर झाल्या म्हणून कुणाच्या घरावर जप्ती यायची वेळ टळेल. फक्त पडद्यावरच्या आकड्यापुढे मान तुकवण्यापूर्वी, हा आकडा कशाशी ताडून पाहिला आहे, एवढे विचारायची सवय आपल्याला असावी. बाजारातला तराजूसुद्धा आपण वजनावरचा शिक्का पाहूनच मान्य करतो. आगीचा तराजू त्याला अपवाद कशाला?